हा तलाव कोन्या गावचा

गोरेगाव

आमच्याकडे कोणी प्रवासाहून आलं की बाया पहिल्यांदा विचारतात, खायला काय मिळालं. मग विचारतात, माणसं कशी होती. काय काय पाहिलं हे विचारायची पाळी येईस्तोवर चहा संपलेला असतो. मी परतले तेव्हा उन्हाळी धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती, कोणाला उसंत नव्हती. तरी शेजारच्या बाया चिखलाच्या पायांनी अंगणात टेकल्या आणि याच क्रमानं विचारत गेल्या. आमच्या आळीतून जहाजावर तोवर कोणी गेलेलं नव्हतं. त्यांना जे सांगितलं त्यापेक्षा थोडं जास्त इथे लिहिते आहे.

आधी, माझ्यासोबत जहाजावर जी बाई होती ती कोण ते सांगते. पारबता माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही मोठ्या बहिणीला बाई म्हणतो. मला आईचा चेहरा लक्षात राहायच्या आतच आई गेली, आणि बाईचं लग्न होऊन ती गोरेगावला आली ती मला कडेवर घेऊनच. सासरच्यांनी नाकं मुरडली असतील, पण मला कधी कळू दिलं नाही. तिच्याच घरून मी शिकले, गोंदियाला मास्तरीण झाले, तिथेच निवृत्त झाले. सुट्टी लागली की गोरेगाव गाठायचं आणि शाळेतल्या, बसमधल्या, बाजारातल्या माणसांच्या बोलण्याची नक्कल बाईला करून दाखवायची, हे माझं आयुष्यभराचं काम. ती सुपात तांदूळ घेऊन बसायची आणि हसता हसता सूप खाली ठेवायची. मी कुठेही गेले तरी कान उघडे ठेवून जायची ते तिच्यासाठी.

गेल्या दोनेक वर्षांत बाईचं विसरणं वाढलं. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मग एकदा आठवडी बाजारातून ती उलट्या वाटेनं निघाली आणि कोणीतरी ओळखीच्या माणसानं मोटारसायकलवर बसवून आणली. पुढे घरातल्या धाकट्या सुनेला ती आपल्या मेलेल्या जावेच्या नावानं हाक मारू लागली. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थोडं लांबवता येतं. तेव्हा तिचा पुण्यातला थोरला मुलगा संजय मला फोनवर म्हणाला की आईला जन्मभर समुद्र पाहायचा होता, बाबांनी नेतो नेतो म्हणत कधी नेलं नाही. पाहिलेलं तिला कळतंय तोवर दाखवून टाकू. त्यानं मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली. त्याच्या मुलीची बारावी होती, त्याला आणि त्याच्या बायकोला निघता येत नव्हतं. म्हणून बाईसोबत मी.

घरात आम्ही पोवारी बोलतो. वाचणाऱ्याला अडू नये म्हणून बाईचं बोलणं इथे आमच्या भागातल्या मराठीत लिहिलंय.

मुंबईची गोदी

रेल्वेचा प्रवास सांगत नाही. संजयनं आम्हाला गोदीवर आणून सोडलं आणि आत यायला मनाई असल्यामुळे तो जाळीबाहेर उभा राहून हात हलवत राहिला. बाई मला म्हणाली, तो पोरगा कोणाचा, चांगला दिसतो. मी म्हटलं, तुझाच आहे. ती म्हणाली, "होय का?" आणि मग तिनंही हात हलवला.

रांगेत पुढे एक काकू फोनवर सांगत होत्या, "नाही गं, अजून सुरू नाही केलं जहाज. ड्रायव्हर चहा प्यायला गेला असेल." मला हसू आवरेना. मी बाईच्या कानाशी लागून तिला ते सांगितलं आणि तीही हसली. तिथून माझे कान लागले. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं आमचं गाव विचारलं, तर मागच्या गृहस्थांनी विचारलं, गोरेगाव ईस्ट की वेस्ट? बाई वळून शांतपणे म्हणाली, "गोंदियाच्या पुढं." गृहस्थ बराच वेळ विचारात पडले होते.

जहाज आमच्या कल्पनेपेक्षा फारच मोठं. गोंदियाच्या बाजारातली सगळ्यात उंच इमारत त्याच्या पोटात मावली असती. निघायच्या आधी सगळ्यांना एका दालनात बोलावून लाल-नारिंगी जॅकेट कसं घालायचं ते शिकवलं. एका माणसानं हात वर करून गंभीरपणे विचारलं की जहाज बुडालं तर रात्रीचं जेवण कुठे असेल. त्याच्या बायकोनं त्याला खाली बसवलं आणि स्वतः विचारलं, हे जॅकेट घरी न्यायचं असेल तर पिशवी मिळते का. बाई माझ्याकडे पाहत होती. मी हसले तशी ती हसली. मला वाटलं, आलो ते बरंच झालं.

समुद्र

संध्याकाळी आम्ही वरच्या डेकवर गेलो. किनारा मागे पडला होता. बाईनं कठडा दोन्ही हातांनी धरला आणि ती पाण्याकडे पाहत उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. जन्मभराची इच्छा पुरी होते तेव्हा माणूस कसा दिसतो, ते मला पाहायचं होतं.

शेवटी तिनं विचारलं, "शकुन, हा तलाव कोन्या गावचा वं?"

मी म्हटलं, बाई, हा समुद्र आहे.

"हो," ती म्हणाली. "पन पाळ कुठी हाये याची? बोदलकसाची कशी दिसते."

तिरोड्याकडचं बोदलकसाचं पाणी तिनं पाहिलेल्यातलं सगळ्यात मोठं. तिथे पाळेवर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की समोर डोंगर दिसतात, कडेला मासे धरणाऱ्यांच्या डोंग्या असतात. माणसानं पाणी अडवलं म्हणून ते तिथे थांबलं आहे, हे दिसतं. इथे तसं काहीच नव्हतं. मी तिला सांगितलं की याला पाळ नसते. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. एवढ्या पाण्यावर धान किती पिकत असेल, असं ती पुटपुटली. वारा सुटला होता. मी तिला बाकावर बसवून शाल आणायला खाली गेले. आले तेव्हा ती एका माणसाशी बोलत होती. मी आल्यावर तो नमस्कार करून निघून गेला.

खोलीत एक गंमत झाली. बिछान्यावर कोणीतरी टॉवेलची घडी घालून हंस करून ठेवला होता. मी तोंड धुऊन आले तर बाईनं त्याच्यावर पदर घातला होता आणि चोचीजवळ चिवड्यातले पोहे ठेवले होते. मी तो तसाच राहू दिला. रात्री तो हंस आम्हा दोघींच्या मध्येच होता.

जेवणाचं सांगायचं तर ते अमाप. पण भातावर बाईचं मन बसेना. लांब, सुटा, पांढरा शुभ्र भात. आमच्याकडे चिन्नोर तांदूळ शिजला की शेजारच्या घरापर्यंत वास जातो आणि ज्याला त्याला कळतं, आज यांच्याकडे पाहुणा आहे. बाईनं दोन शितं बोटांत दाबून पाहिली आणि म्हणाली, हा शिजला नाही. मग मी वाढणाऱ्याला सांगून तिच्यासाठी मऊ भात आणि वरण वेगळं करून घेतलं. तो भला माणूस होता, पुढच्या जेवणाला न सांगता तेच घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी लोकांचं बोलणं जमवत होते. एक प्लॉटांचे व्यापारी समुद्राकडे पाहून मित्राला म्हणत होते, "एवढी मोकळी जागा, आणि एक कुंपण नाही." एक आजी सुनेला फोनवर बजावत होत्या की कुंड्यांना पाणी घाल. सुनेनं काहीतरी विचारलं असावं. आजी म्हणाल्या, "इथे पाणीच पाणी आहे, पण त्याचा तुझ्या तुळशीला काय उपयोग?" एक नवरा-बायको खुर्च्या उचलून या बाजूहून त्या बाजूला नेत होते, कारण सावली पळत होती. नवरा चिडून म्हणाला, हा माणूस जहाज सरळ का चालवत नाही. हे सगळं मी बाईला सांगत गेले आणि ती प्रत्येकाला हसत गेली. तिचं डोकं कितीही रिकामं होत असलं तरी हसायची जागा शाबूत आहे, असं मला वाटत होतं. त्यावर मी मोठी भिस्त ठेवली होती.

दुपारी जेवायला गर्दी होती. आमच्या बाजूच्या टेबलावर आठ-दहा जण बसले होते. त्यातला एक पन्नाशीचा, बडबड्या, सगळ्यांना हसवत होता. टेबलावर तऱ्हेतऱ्हेच्या गावची माणसं असल्यामुळे तो हिंदीत बोलत होता. त्यानं रुमाल डोक्यावर पदरासारखा घेतला, कठडा धरल्यासारखे हात केले आणि मान थोडी वाकडी केली. नकलाकार मी ओळखते. हा हुशार होता. तो तोंड उघडायच्या आधीच मला हसू फुटलं होतं.

"कल डेक पे एक बूढ़ी माई मिली," तो म्हणाला. "पूछती है, भैया, ये तालाब कौन से गाँव का है? मछली का ठेका किसके पास है?"

टेबल हसून लोळलं. माझं हसू तोंडातच राहिलं. शेजारी बाई मोठ्यानं हसत होती, इतकी की हातातला घास ताटात पडला. डोळे पुसत तिनं मला विचारलं, "कोन वं ते बुढी?"

मी म्हटलं, असेल कोणी.

"बिचारी," बाई म्हणाली. "घरच्याइनं तिले एकटं कायले सोडलं?"

मी तिचा घास उचलून ताटाच्या कडेला ठेवला. शाल आणायला मी कितीशी दूर गेले होते! त्या माणसाचा मला राग यायला हवा होता, पण राग धरायला जागाच सापडेना. वाक्य खरं होतं, नक्कलही खरी होती. ती दुसऱ्या कोणाची असती तर मीच ती गोरेगावपर्यंत नेली असती.

त्या दुपारी मी बाईला कोणाचंही बोलणं सांगितलं नाही.

गोवा

गोव्याला उतरून बसनं हिंडवून आणलं. चर्च पाहिलं. बाईनं दारात चप्पल काढली आणि कोणी सांगूनही घातली नाही. जेवायला एका खानावळीत नेलं. तिथे जाड तांबूस भात आणि माशाचं कालवण होतं. बाई पोटभर जेवली. हा भात शिजला, म्हणाली. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती लागली, बांधावर एक बगळा, पलीकडे बाया वाकून रोवणी करत होत्या. बाई खिडकीला चिकटली. तिची पाठ सरळ झाली, आवाज बदलला. बाया कोणाच्या आहेत, चिखल बरा झालाय, असं काहीबाही बोलत राहिली. मला इतकं बरं वाटलं की पुढे काय होणार ते माझ्या लक्षातच आलं नाही.

धक्क्यावर परत आलो तेव्हा बाई जहाजाच्या जिन्याजवळ थांबली आणि तिथल्या दगडी पायरीवर बसली. जाळी वाळत होती, मासळीचा वास होता. ती म्हणाली, "घर आलं. आता कायले जाऊ?"

मी समजावलं, हात धरला, थोडं रागावलेसुद्धा. ती ढिम्म हलेना. मागे रांग खोळंबली. कोणीतरी म्हणालं, आजीला उतरवलंच कशाला. एकीनं नवऱ्याला म्हटलं, "मलाही नाही जायचं परत घरी, पण मी बसले का अशी?" आसपासचे हसले. एरवी हे वाक्य मी जपून ठेवलं असतं.

बाई आता रडायला लागली होती. "मले घरी जाऊ दे वं," ती मला म्हणत होती, "माह्या शकुनची शाळा सुटन, ती दारात उभी राहीन." मी तिच्यासमोर उकिडवी बसले होते आणि सांगत होते की बाई, मीच शकुन. ती माझ्याकडे पाहून नाही म्हणत होती.

तेव्हा रांगेतून तो कालचा नकला करणारा माणूस पुढे आला. त्यानं बाईचं बोलणं ऐकलं होतं. तो मला हळूच म्हणाला, "तुम्ही आमच्याकडच्या? मी तुमसरचा." मी गोरेगाव म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. तुमसर म्हणजे आमच्या बाजूच्या जिल्ह्यातलं, आमच्याइतकंच तलावांचं गाव. डेकवर बाई त्याच्याशी परक्याशी बोलायच्या मोडक्या हिंदीत बोलली असेल, म्हणून ती त्याला कोणा दूरच्या मुलखातली वाटली असेल. आता ती त्याच्या घरच्या भाषेत रडत होती.

तो बाईच्या शेजारी पायरीवर बसला. मग म्हणाला, "माय, ठेकेदार वर बसून राहिला. तुमच्यासाठी मासोळी काढून ठेवली, म्हनते माय आल्याबिगर कोनाले देत नाई. चाला, घेऊन येऊ."

बाईनं डोळे पुसले. "ताजी हाये का?" तिनं विचारलं.

"आताच काढली," तो म्हणाला.

तिनं त्याचा हात धरला आणि उठली. जिन्यावरून तो तिला सांभाळून नेत होता, मागून मी तिची पिशवी आणि चपला घेऊन चालत होते. वर पोचल्यावर त्यानं तिचा हात माझ्या हातात दिला. काहीतरी बोलायचं त्याच्या मनात होतं, पण त्याला ते जमलं नाही आणि मलाही त्याला सोपं करून देता आलं नाही. रात्री जेवताना तो त्याच टेबलावर होता. खाली मान घालून जेवत होता. बाकीचे त्याला विचारत होते, आज काय झालं, तब्येत बरी नाही का.

परतीचा समुद्र

शेवटच्या सकाळी समुद्र अगदी शांत होता. मी बाईला डेकवर ऊन पडलं होतं तिथे बसवलं आणि शेजारी बसले. थोड्या वेळानं बाईनं माझ्याकडे वळून पाहिलं, पदर सारखा केला आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला विचारावं तसं विचारलं, "तुम्ही कोन्या गावच्या?"

मला वाटलं होतं हे कधीतरी होईल. घरी, आजारपणात, कुठल्या तरी वाईट दिवशी. इतक्या छान उन्हात होईल असं वाटलं नव्हतं. सांगावंसं वाटलं की मी शकुन. पण आदल्या दिवशी पायरीवर ते सांगून काय झालं होतं ते आठवलं. मी म्हटलं, गोंदियाची.

"मंग आपल्याच," ती म्हणाली. "माही लहान बहीन तेथंच मास्तरीन हाये."

मी विचारलं, कशी आहे बहीण?

बाईचा चेहरा उजळला. मग ती सांगत बसली. बहीण लहानपणी फार किरकिरी होती. रोवणीच्या वेळी मोहाच्या झाडाच्या सावलीत लुगड्याची झोळी बांधून तिला त्यात टाकायची आणि झोळी हलेनाशी झाली की धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी धावत यायचं, श्वास चालू आहे का ते पाहायला. मोठी होऊन ती बोलघेवडी झाली. लोकांच्या नकला करते. घरात आली की घर भरून जातं. यातलं झोळीचं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्या झोळीतून मी बाहेर कधी आले, तेही ठाऊक नव्हतं.

मग बाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या जवळ सरकली. आवाज खाली आणला.

"एक सांगू का तुमाले? ती आता काय सांगते ते मले समजतच नाई. डोकं चालत नाई माहं. पन ती लई हौसेनं सांगते. मंग मी तिच्या तोंडाकडं पाहून राहते. ती हासली का मीबी हासते."

मी मांडीवरच्या पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधला.

"तिले सांगू नोका बरं," बाई म्हणाली. "तिले वाईट वाटंन."

मी म्हटलं, नाही सांगत.

ती समाधानानं मागे टेकून बसली. पलीकडे मुंबईच्या इमारती दिसायला लागल्या होत्या. लोक कठड्याशी गोळा होऊन फोटो काढत होते, एकमेकांशी बरंच काही बोलत होते. मी काहीही ऐकलं नाही. थोड्या वेळानं बाईनं मला विचारलं, "शकुन, भूक लागली वं, काही हाये का पिशवीत?" आणि मी चिवडा काढून दिला.

पुन्हा गोरेगाव

आता अंगणातल्या बायांकडे येते. खाण्याचं सांगून झालं, मग त्यांनी माणसांचं विचारलं. बाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. माझ्या मनात होतं की आता नको, कामाचं निमित्त करून उठावं. पण बाया चिखलाचे पाय तसेच ठेवून वाट पाहत होत्या, आणि शकुन परत आली आणि काही सांगितलं नाही, असं त्या अंगणात कधी झालेलं नव्हतं.

मी ड्रायव्हरच्या चहाचं सांगितलं. जहाज बुडाल्यावरच्या जेवणाचं सांगितलं, हात वर करून, त्या माणसासारखा चेहरा करून. तुळशीच्या पाण्याचं सांगितलं. बाया हसत होत्या, एकीनं तर खाली लोळण घेतली. तलावाचं मी सांगितलं नाही.

सांगता सांगता ओसरीकडे नजर गेली. बाईचं बायांकडे लक्ष नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, अगदी मन लावून. वर्गातली एखादी मागच्या बाकावरची मुलगी, काही न कळता, मास्तरणीचे ओठ पाहते तशी. तिच्या ओठांचे कोपरे हलायच्या तयारीत होते आणि ती वाट पाहत होती.

मला उठून आत जावंसं वाटलं. पण ती वाट पाहत होती. म्हणून मी हसले, मोठ्यानं, पूर्वी हसायची तशी.

मग बाई हसली.